नागनदीकाठच्या वावरात पऱ्हाटीचा बायोचार : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

नागपूर शहर ओलांडून नागनदी पूर्वेकडे कन्हानच्या दिशेने निघते, त्या पट्ट्यात आमचे अडीच एकर वावर आहे. वाडी गावाजवळच्या लाव्हा टेकड्यांत उगम पावणारी ही नदी शहरातून जाताना सांडपाणी सोबत घेते आणि आमच्या वडिलांच्या काळापासून याच पाण्यावर आम्ही पालक, मेथी आणि सांबार (कोथिंबीर) घेत आलो. पाणी बारमाही होते, त्यातल्या नत्रामुळे भाजी हिरवीगार येत होती, त्यामुळे मातीत आणखी काय साचत आहे याचा विचार घरात कोणी केला नाही. तीन वर्षांपूर्वी माती तपासून घेतली, तेव्हा शिसे, कॅडमियम, तांबे आणि जस्त यांचे प्रमाण आमच्याच नात्यातल्या एका कोरडवाहू वावरापेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. त्या दिवसापासून नदीचे पाणी बंद करून बोअरवेलवर ओलीत सुरू केले. बायोचारचा, म्हणजे मातीत मिसळायच्या खास कोळशाचा, प्रयोग त्यानंतरचा आहे, आणि हा क्रम मी मुद्दाम आधी सांगतो, कारण दूषित पाणी चालू ठेवून जमिनीत बायोचार टाकणे म्हणजे एका बाजूने भरत राहायचे आणि दुसऱ्या बाजूने झाकत राहायचे, असा प्रकार होईल.

बायोचार म्हणजे काडीकचरा अगदी कमी हवेत, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून मिळणारा सच्छिद्र कोळसा. त्याच्या छिद्रांच्या पृष्ठभागावर शिसे, कॅडमियम, तांबे यांसारख्या धातूंचे धनभारित कण धरले जातात आणि मुळांना सहजासहजी मिळत नाहीत. यातला एक मुद्दा मला फार उशिरा समजला : धातू जमिनीतून निघून जात नाहीत, जागच्या जागी अडकतात. दुकानदार आणि प्रचारपत्रके ‘जमीन शुद्ध होते’ असे सांगतात, ते खरे मानून कोणी निर्णय घेऊ नये.

आमच्याकडे कच्चा माल घरचाच होता. कापसाची शेवटची वेचणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली झाडे, उपटून बहुतेक जण धुऱ्यावर (बांधावर) पेटवून देतात. गुलाबी बोंडअळीचा पुढचा हंगाम तोडण्यासाठी पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नये, हे आता सर्वांना माहीत आहे. मग तीच जाळून राख करण्याऐवजी कोळसा का करू नये, असा साधा विचार होता. पहिल्यांदा जमिनीत शंकूच्या आकाराचा खड्डा खोदून पाहिला. मार्चमध्ये आमच्या काळ्या मातीला भेगा पडू लागतात, त्या भेगांतून खड्ड्याच्या खालच्या बाजूला हवा शिरली आणि अर्ध्याहून अधिक मालाची राख झाली. त्यानंतर वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची, वर रुंद आणि खाली निमुळती भट्टी करून घेतली. या भट्टीत पऱ्हाटीचा थर टाकत जायचा, वरच्या ज्वाळेने खालच्या थराला हवा मिळू द्यायची नाही, आणि निखाऱ्यांवर राखेचा पांढरा पापुद्रा दिसू लागला की पुढचा थर टाकायचा. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचे. विझवण्याला दहा मिनिटे उशीर झाला तरी वरचा चांगला माल राखेत जातो, म्हणून पेटवण्याआधीच पाण्याचे ड्रम भरून ठेवावेत, आणि ते पाणी बोअरचे असावे.

चांगला माल बोटांत चुरडला तर मोडतो आणि हाताची काजळी साध्या पाण्याने धुऊन जाते. हात तेलकट राहिले तर तो अर्धवट भाजलेला आहे, त्यात डांबरासारखे पदार्थ शिल्लक आहेत, असे समजून आम्ही तो बाजूला काढत गेलो. दूषित जमीन सुधारायला निघून तिच्यात हे नवे घटक टाकण्यात अर्थ नाही. रंग लावलेले लाकूड, प्लायवूड किंवा प्लास्टिक मिसळलेला कचरा भट्टीत कधीही घालू नये, तोही याच कारणाने. सुरुवातीला एका विक्रेत्याकडून तयार बायोचारचे पोते घेतले होते. त्यात दगडी कोळशाचा चुरा निघाला. तेव्हापासून बाहेरून घेतलेले नाही.

आता मात्रेचा हिशेब. प्रयोगासाठी पाच आर, म्हणजे ५०० चौरस मीटर जागा घेतली आणि शेजारची तेवढीच जागा तुलनेसाठी मोकळी ठेवली. प्रति चौरस मीटर १ किलो, म्हणजे हेक्टरी १० टन, या दराने ५०० किलो बायोचार लागला. पऱ्हाटीच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा कोळसा मिळतो, म्हणजे दोन टन वाळलेली पऱ्हाटी, जी आम्हाला सुमारे दोन एकरांतून मिळाली. थोडक्यात, दोन एकरांच्या पऱ्हाटीतून पाच आर जमीन. एवढे करूनही वरच्या १५ सेंटिमीटर मातीच्या वजनाशी तुलना केली तर हे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का भरते. कुंड्यांमधल्या प्रयोगांत दोन, तीन, पाच टक्क्यांपर्यंत मात्रा वापरलेली असते आणि त्यांचे निकाल चमकदार दिसतात. तेच आकडे वावराला लावले तर हेक्टरी ४० ते १०० टन होतात. आमच्यासारख्या शेतकऱ्याने ते वाचून आपल्या पाच आरांकडून तशी अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी पडेल.

ताजा बायोचार थेट मातीत घातला की तो सुरुवातीला मातीतलाच नत्र धरून ठेवतो आणि पीक पिवळे पडते. म्हणून तो शेणखत आणि शेणकाल्यात अर्धा-अर्धा मिसळून, गोणपाटाखाली ओला ठेवून तीन आठवडे मुरवला. एप्रिल-मेच्या उन्हात ढीग ओला ठेवणे हेच सगळ्यात कष्टाचे काम ठरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात ओला असतानाच पसरवून वखराने दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत मिसळला. कोरडा पसरवला तर त्याची धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते, त्यामुळे पसरवणाऱ्याने तोंडाला फडके नव्हे, चांगला मास्क लावावा.

चूक मात्र व्हायची ती झालीच. वावराच्या उताराकडच्या कोपऱ्यात वखर नीट चालला नव्हता आणि जुलैतल्या एका मोठ्या पावसात वर राहिलेला कोळसा तरंगत खालच्या धुऱ्यावर जाऊन साचला. शेजारच्या वावरातले काकाजी सकाळी बोलवायला आले, ‘तुमची मेहनत माझ्या धुऱ्यावर आली आहे, गोळा करून न्या’, आणि त्यांनी स्वतः घमेले घेऊन मदत केली. तेव्हापासून उतारावर आडवे छोटे बांध घातले आहेत. चांगला वाफसा (मशागतीजोगी ओल) असताना खोलवर मिसळणे, हे मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे.

माती तपासणीचा अनुभव विस्ताराने सांगायला हवा, कारण इथेच अनेकांची फसगत होईल. पहिल्या प्रयोगशाळेने डिसेंबरमध्ये दिलेल्या अहवालात बायोचारच्या आणि मोकळ्या, दोन्ही तुकड्यांतील शिसे जवळपास सारखे होते, आणि घरात सगळ्यांचा धीर सुटला. नंतर कळले की त्यांनी आम्लात विरघळवून एकूण धातू मोजले होते. एकूण धातू कमी होणारच नाहीत, कारण ते कुठेही गेलेले नाहीत. आपल्याला हवी असते ती पिकाला उपलब्ध होणाऱ्या धातूंची तपासणी, जी सहसा डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणाने केली जाते. ती दुसरीकडे करून घेतली तेव्हा बायोचारच्या तुकड्यात उपलब्ध शिसे आणि तांबे सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. कॅडमियममध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. नमुना देतानाच ‘एकूण की उपलब्ध’ हे लिहून द्यावे.

हा फरक आणखी मोठा का नाही, याचे एक कारण आमच्या मातीतच आहे. बायोचारचा बराचसा परिणाम आम्लयुक्त जमिनीत दिसतो, कारण तो अल्कधर्मी असतो, मातीचा सामू (पीएच) वाढवतो आणि सामू वाढला की बरेच धातू अविद्राव्य होतात. विदर्भाच्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच ८ च्या आसपास असतो. आमच्या वावराचा ८.१ होता. म्हणजे ते काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे आणि बायोचारच्या वाट्याला केवळ पृष्ठभागावर धरून ठेवण्याचे काम उरते. उलट तोटा झाला. जिथे राखमिश्रित माल पडला होता, त्या कोपऱ्यात उन्हाळी चाऱ्याच्या मक्याच्या पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे आले, जे जस्ताच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे. जस्त साचलेल्या जमिनीत जस्ताची कमतरता, हे पाहून मी चक्रावलो, पण सामू चढला की असे होऊ शकते. आता राखेचा माल अजिबात वापरत नाही आणि शेणखताचे प्रमाण वाढवले आहे. ज्यांच्या जमिनीत आर्सेनिकचा प्रश्न आहे त्यांनी तर स्वतंत्र सल्ल्याशिवाय हा मार्ग धरू नये, कारण आर्सेनिक ऋणभारित रूपात असते आणि सामू वाढल्यावर अडकण्याऐवजी सुटू शकते.

पालकाच्या पानांची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती, कारण ती भाजी आपल्या ओळखीच्या घरांत जाते. पालेभाज्यांसाठी कोडेक्सने, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेने, शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम ठेवली आहे; त्यात स्पिनॅच धरलेला नाही, पण तुलनेसाठी मी तीच वापरली. बायोचारच्या तुकड्यातले तीन नमुने दिले, त्यातले दोन मर्यादेच्या आत आले आणि एक किंचित वर गेला. मोकळ्या तुकड्यातले तिन्ही वर होते. सुधारणा खरी आहे, हे मी मनापासून सांगतो. पण तिघांपैकी एकाच्या ताटात जास्त शिसे जाणार असेल तर ती भाजी मी विकू शकत नाही. पानांवर बसणारी रस्त्याची धूळही यात भर घालते, म्हणून पुढच्या वेळी नमुने धुऊन आणि न धुता, असे दोन्ही प्रकारे देणार आहे.

तपासणीबाहेरचा एक फायदा आहे. एप्रिलमध्ये मोकळ्या तुकड्यात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, तेव्हा बायोचारच्या तुकड्यात त्या बारीक होत्या आणि ओलिताच्या दोन पाळ्यांतले अंतर दोन-तीन दिवसांनी वाढवता आले. वखरणीला माती हलकी लागते, हे आमच्या सालदारानेही न विचारता सांगितले.

खर्चात भट्टी एकदाच लागते. मजुरी मात्र दरवर्षी लागते आणि तीच जड आहे. दोन टन पऱ्हाटी आणणे, तोडणे आणि भाजणे यात दोन माणसांचे आठ दिवस गेले. सांडपाण्यावर भिजलेल्या जमिनीसाठी मी हा उपाय सुचवीन, पण पाणी बदलल्यानंतरच, आणि पालेभाजी बंद ठेवून. आम्ही या जुलैत त्या पाच आरांत दसऱ्यासाठी झेंडू लावला आहे, मोकळ्या तुकड्यात तूर आहे. येत्या मार्चमध्ये मोकळ्या तुकड्यातही बायोचार घालणार आहे, आणि त्याआधी दोन्हीकडे प्रत्येकी एक ओळ पालक केवळ तपासणीसाठी पेरणार आहे.