ऑलिव्हच्या ओळींवरून चालणारे काढणीयंत्र: एक परीक्षण

मुळात द्राक्षकाढणीसाठी घडवलेले आणि पुढे ऑलिव्हसाठी मोठे केलेले हे उंच यंत्र स्पेनमधील अतिदाट बागांत झाडांची अख्खी ओळ पोटाखाली घेत पुढे सरकते. आतल्या दोन्ही बाजूंच्या वाकलेल्या दांड्या फांद्यांना झपाट्याने हलवतात, सुटलेली फळे खोडाभोवती मिटणाऱ्या लवचिक पट्ट्यांवर पडतात आणि पंखे पाला उडवून लावत असताना ती टाकीत पोहोचतात. फळ जमिनीला लागत नाही आणि काही तासांतच तेलघाण्यावर नेता येते. यंत्राचा पैसा माझ्या मते इथेच वसूल होतो.

बागेची तयारी मात्र मोठी लागते. हेक्टरी सुमारे 1,500 ते 2,000 झाडे, तीही आर्बेकिनासारख्या आटोपशीर वाणाची, आणि यंत्राच्या पोकळीत मावेल एवढीच उंची राखणारी नियमित छाटणी असेल, तरच ते उपयोगी पडते. दक्षिण स्पेनच्या हाएन प्रांतातील पिक्वाल वाणाच्या जुन्या, अनेक खोडांच्या झाडांपुढे ते निरुपयोगी आहे. तिथे खोड किंवा फांदी हलवणारी साधनेच योग्य. दांड्यांच्या माराने सालीला जखमा होतात आणि त्यांतून गाठींचा जिवाणूजन्य रोग शिरतो, म्हणून काढणीनंतरची ताम्रयुक्त फवारणी टाळू नये.

रात्रीच्या काढणीला माझा ठाम विरोध आहे. झाडांत विसावलेले पक्षी दिव्यांनी गोंधळून यंत्रात ओढले जातात. दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात 2019 मध्ये रात्रीची काढणी थांबवण्यात आली, हे योग्यच झाले.

क्षेत्र लहान असेल, तर यंत्र विकत न घेता हंगामापुरते भाड्याने बोलवावे.