शेव्ही ३५० ट्रकवर परफॉर्मर इनटेक आणि ६०० सीएफएम कार्ब्युरेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी अमेरिकेतली जुनी शेवरोले सी-१० पिकअप. इंजिन ३५० घन इंच, म्हणजे ५.७ लिटर, कॅम सौम्य, गिअरबॉक्स ७००आर४ (चार गिअरचा ऑटोमॅटिक), मागे अधूनमधून ट्रेलर. त्यावर एडलब्रॉक कंपनीचा परफॉर्मर ड्युअल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारा भाग) आणि त्यांचाच ६०० सीएफएमचा १४०६ कार्ब्युरेटर. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते. अशी गाडी बाळगणारे मराठी लोक तिकडे कमी नाहीत, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: ७५० सीएफएम का नाही घेतला?

गरज नाही म्हणून. इंजिनला लागणारी हवा म्हणजे घन इंच गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले ३४५६. पाच हजार आरपीएमला ३५० चे उत्तर ५०६ सीएफएम येते, आणि इंजिन ८५ टक्केच भरते असे धरले तर ४३०. ट्रक पाच हजारावर जातोच किती वेळा? मोठ्या कार्ब्युरेटरमध्ये कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक थेंब नीट होत नाहीत आणि सिग्नलवरून उचलताना गाडी अडखळते. मॅनिफोल्डचेही तेच. परफॉर्मर आयडलपासून ५५०० पर्यंतचा आहे, परफॉर्मर आरपीएम १५०० ते ६५०० चा. ओढायची गाडी असेल तर पहिलाच.

मॅनिफोल्डची ऑर्डर देण्याआधी इंजिनचे सिलिंडर हेड कुठल्या सालचे ते बघा. १९८६ पर्यंतची हेड, १९८७ नंतरची (मधल्या बोल्टचा कोन बदललेला) आणि १९९६ पासूनची आठ बोल्टची व्हॉर्टेक हेड, तिघांना वेगवेगळे मॅनिफोल्ड लागतात. बोल्टची भोके ओढून-ताणून जुळवली की गॅस्केट एका बाजूने दबत नाही आणि तिथून खालच्या व्हॅलीतले (सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट भागातले) तेल सिलिंडरमध्ये ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त तेल कमी होत राहते.

मॅनिफोल्ड बसवताना ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर येणाऱ्या कॉर्कच्या पट्ट्या फेकून द्या. त्या जागी पाव इंच जाडीचा आरटीव्हीचा (सिलिकॉन सीलंटचा) पट्टा घाला आणि कोपऱ्यात तो गॅस्केटवर थोडा चढवा. बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा. बोल्ट मधून बाहेर जात, तीन टप्प्यांत २५ फूट-पौंडांपर्यंत घट्ट करा. व्हॉर्टेकला मात्र ११ च. इंजिन एकदा तापून गार झाले की पुन्हा पाना लावून बघा. जुना मॅनिफोल्ड उचलताना कूलंट व्हॅलीत सांडतेच, त्यामुळे ऑइल बदलल्याशिवाय सुरू करू नका.

आता सगळ्यात जास्त फरक पडला ते काम: कार्ब्युरेटरमधले मीटरिंग रॉड आणि स्प्रिंग. रॉड जेटच्या (पेट्रोलच्या भोकाच्या) आत बसून पेट्रोल रोखतो; इंजिनचा व्हॅक्यूम त्याला खाली ओढतो, स्प्रिंग वर ढकलते. १४०६ ची मांडणी मुळातच पेट्रोल वाचवण्याकडे झुकलेली आहे. प्रायमरी जेट ०.०९८ इंच, रॉड ०.०७५ बाय ०.०४७ (जाड आणि बारीक भाग), स्प्रिंग नारिंगी, ५ इंच पाऱ्याची, म्हणजे व्हॅक्यूम ५ इंचांखाली गेला की रॉड उचलणारी. अमेरिकेतल्या पंपावर दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याला हवा-इंधन प्रमाण १४.७ ऐवजी साधारण १४.१ लागते, म्हणून एका वेगात चालवताना गाडी आणखी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटते. ०.०७३ चा रॉड टाकला की जेटमधली मोकळी जागा सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि हिसके थांबतात. कार्ब्युरेटर उतरवायचा नाही: वरचा एक स्क्रू सैल करा, छोटे झाकण बाजूला सरकवा, पिस्टन रॉडसकट स्प्रिंगने वर येतो. बोट झाकणावरून उचलू नका, स्प्रिंग उडते.

स्प्रिंगचे गणित चढावर कळते. ट्रेलर लावून घाट चढताना व्हॅक्यूम ६ इंचापर्यंत उतरतो. ५ ची स्प्रिंग तोवर रॉड उचलतच नाही, मिश्रण लीन राहते आणि इंजिन नॉकिंग (अवेळी जळण्याने खडखड) करते. गुलाबी, ७ इंचाची टाकली की रॉड वेळेत उठतो. ढोबळ नियम असा: गिअरमध्ये आयडलला जेवढा व्हॅक्यूम, त्याच्या निम्म्याच्या आसपासची स्प्रिंग.

फ्युएल प्रेशर ५.५ पीएसआय ठेवा, ६.५ च्या वर नको. त्यापुढे पेट्रोल अडवणारी नीडल उचलली जाते आणि पेट्रोल वाहते. फ्लोट (नीडल उघड-बंद करणारा तरंगता भाग) ७/१६ इंच, झाकण उलटे धरून मोजायचा. यांत्रिक फ्युएल पंप बदलताना कॅमवरून पंप चालवणारा पुशरॉड खाली घसरतो आणि पंपाचा दांडा त्याच्याखाली जात नाही. ब्लॉकच्या पुढच्या बाजूचा, त्या रॉडच्या रेषेतला छोटा बोल्ट काढून तिथे थोडा लांब बोल्ट हाताने घट्ट करा, रॉड वर अडकून राहतो. नंतर मूळ बोल्ट परत लावायला विसरलात तर इंजिन सुरू करताच रॉड आणि कॅम दोन्ही जातील. काचेचे फिल्टर घेऊच नका, गळून आग लागते.

इंजिन गरम असताना बंद केले की पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये (साठ्यात) उकळते आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. कार्ब्युरेटरखाली अर्धा इंचाचा फिनॉलिक (उष्णता अडवणारा) स्पेसर बसवल्यावर हे बरेच कमी झाले. आधी बॉनेटखाली जागा मोजा. इलेक्ट्रिक चोकची तार इग्निशनला चालू होणाऱ्या १२ व्होल्टवरून घ्या, कॉइलवरून नाही.

७००आर४ असेल तर टीव्ही केबलची (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या केबलची) भूमिती दुरुस्त करणारा ब्रॅकेट घेतलाच पाहिजे. कार्ब्युरेटर बदलला की केबलचे ओढणे बदलते, गिअरबॉक्सला दाब कमी मिळतो आणि क्लच जळतात. कार्ब्युरेटरपेक्षा हे प्रकरण महाग. दुकानदार हा ब्रॅकेट आपणहून सुचवेलच असे नाही.