डेट्रॉइट बिकम ह्युमन: गेम भारी, पण तो फ्लोचार्ट डोक्यात जातो

२०१८चा गेम आहे, त्यामुळे ग्राफिक्स कसे, कॉनर-कारा-मार्कस कोण हे सांगत बसत नाही; एवढंच, की हे तिघे माणसासारखे दिसणारे रोबो, त्यांना आपण खेळवतो आणि आपण काय निवडतो त्यावर गोष्ट बदलते. सेलची वाट बघून घेतला, आता बरेच महिने झाले, आणि मला बोलायचंय ते फक्त फ्लोचार्टवर, म्हणजे चॅप्टर संपला की तुम्ही काय निवडलं आणि काय राहिलं हे चौकोनांत दाखवणाऱ्या नकाशावर.

पहिलाच चॅप्टर घ्या. बाहेर डॅनियल नावाचा बिथरलेला रोबो एका पोरीला ओलीस धरून गच्चीच्या काठावर उभाय, आत फिशटँक फुटून मासा फरशीवर तडफडतोय, वेळ चाललाय, आणि मी काय करतोय तर मासा उचलून पाण्यात टाकतोय. कोणी सांगितलं नव्हतं, बघवलं नाही एवढंच. सिनेमात हिरोने वाचवला असता तर मी विसरूनही गेलो असतो, इथे तो मी वाचवला होता. आणि चॅप्टर संपला रे संपला की चार्ट हजर, त्यात त्या माशाचाही चौकोन, वर जगातल्या किती टक्के लोकांनी तेच केलं हेही. सगळा मूडच गेला!

त्यात कुलूप लावलेले चौकोन, म्हणजे मी न घेतलेले रस्ते. पैसे मोजलेत म्हटल्यावर ते उघडल्याशिवाय चैन पडत नाही, पण परत खेळायला घेतलं की बघितलेले सीन स्किपच होत नाहीत. मधूनच सुरू करायला चेकपॉइंट आहेत, तेही मोजके. आमची भांडी सिंकमध्ये तशीच आणि मी काराला घेऊन तिच्या मालकाची, टॉडची घासतोय.

खरं तर दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण दिवाळीत मावसभाऊ आला, त्याला खेळायला दिला. वादळी रात्रीचा चॅप्टर, टॉड काराला म्हणतो हलायचं नाही, आणि हा पठ्ठ्या खरंच कंट्रोलर मांडीवर ठेवून बसला, त्याला वाटलं सीन चाललाय. टॉडच्या घरातली छोटी ॲलिस जीवानिशी गेली. काराची गोष्ट तिथेच बंद. "अरे पण मी काही केलंच नाही!" म्हटलं, म्हणूनच. मग त्याचा चार्ट बघितला, माझ्याकडे जिथून पुढे काराचे चॅप्टरच्या चॅप्टर होते तिथे याचं सगळं संपलेलं, आणि त्यावर आम्ही जेवायची हाक येईपर्यंत भांडलो. पुस्तकात गप्प बसल्याची शिक्षा वाचणाऱ्याला होत नाही, इथे होते, आणि ते दाखवायला तो चार्टच कामाला आला.

म्हणून चार स्टार. एक स्किप बटणाचा कापला. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलमध्ये घ्या, ५५ जीबी जागा करून ठेवा, आणि पहिल्या वेळी चार्ट आला की न वाचता पुढे जा.