सरकीचे ठिपके बघून भुलले

बेळगावातल्या अनगोळात आमचं घर. पुढच्या खोलीत दोन मशीन टाकून मी बाळंतविडे शिवते : झबली, टोपरी, दुपटी, लंगोट. गेल्या वर्षी पुण्याच्या दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, "सेंद्रिय कापसाचं मिळेल का?" तेव्हापासून तेच डोक्यात बसलं.

टिळकवाडीतल्या एका प्रदर्शनात तसं कापड दिसलं. पिवळसर पांढरं, हाताला जरा खरबरीत, मध्येमध्ये सरकीच्या टरफलाचे काळपट ठिपके. व्यापारी म्हणाला, "ताई, हे ठिपके म्हणजेच ऑरगॅनिकची खूण." मी पर्समधून काडेपेटी नेली होती, एवढी शहाणी! कडेचा धागा ओढून पेटवला. कागद जळल्यासारखा वास, मऊ राखाडी राख, काळी गोळी नाही. म्हणजे पॉलिस्टर नाही. मी खूश. ३१० रुपये मीटरनं ५० मीटरचा ताका उचलला, १५,५०० रुपये. बिल हवं तर वर ५ टक्के जीएसटी म्हणाला, मी तेही वाचवले. सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. तो मोठा करून वाचायचंही सुचलं नाही.

त्यानं दिलेले टॅग मी प्रत्येक झबल्याला दोऱ्यानं बांधले. महिन्याभरात खानापूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन. "ताई, या टॅगवरचं चिन्ह आमच्या तांदळाच्या पिशवीवर पण आहे की ओ!" बघते तर 'जैविक भारत'. ते चिन्ह अन्नपदार्थांसाठी असतं, कापडाशी त्याचा संबंधच नाही. त्याच आठवड्यात दुसरीनं सांगितलं, दुपटं पहिल्याच धुण्यात चार बोटं आटलं.

उरलेला ताका घेऊन वडगावला गेले. तिथं ओळखीचे एक काका आहेत, जन्म मागावर गेलेला. त्यांनी कापड उजेडात धरलं, काठ चिमटीत चोळला, खळीची भुकटी बोटाला लागली. "कसलं सेंद्रिय नि काय गं, कोरा मांजरपाट की हे! ब्लीच केलं नाही की कुठल्याबी कापसात सरकी दिसते." असा मांजरपाट आपल्याकडे शंभरच्या आत मिळतो.

मग मी विचारलं, खरं सेंद्रिय असेल तर कसं ओळखायचं? काका हसले. "मला पण नाही ओळखता यायचं." इथंच माझी चूक झाली होती. काडी लावून सूत की पॉलिस्टर एवढंच कळतं. कापूस रासायनिक खताचा की सेंद्रिय, बीटी की साधा, हे ना बोटांना कळतं ना राखेला. कळतं ते फक्त कागदावरून.

तो फोटो तेव्हा कुठे उघडला. कुठल्या तरी सूतगिरणीच्या नावाचं सर्टिफिकेट, मुदत संपलेली, आणि त्यात कापडाचा उल्लेखच नाही, फक्त सुताचा. अशा कागदाला स्कोप सर्टिफिकेट म्हणतात. ती गिरणी सेंद्रिय माल करू शकते, एवढंच तो सांगतो. तुमच्या हातातल्या ताक्याबद्दल त्यात काही नसतं. विकलेल्या मालासाठी वेगळं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट निघतं, त्यावर विकणारा, घेणारा आणि वजन लिहिलेलं असतं. जीओटीएसचं, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं लेबल असेल तर त्यावर तपासणी संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक जीओटीएसच्या साइटवर टाकून बघता येतो, फुकट. त्यातही 'ऑरगॅनिक' लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो. ७० टक्क्यांवर असेल तर 'मेड विथ ऑरगॅनिक' एवढंच लिहिता येतं.

आणखी एक गोष्ट कळली आणि पोटात गोळा आला. कापड अस्सल असतं तरी माझ्या झबल्याला जीओटीएसचं लेबल लावता आलं नसतं, कारण जिनिंगपासून शिलाईपर्यंत सगळी साखळी तपासलेली लागते आणि माझी पुढची खोली कुणी तपासली आहे? व्यापाऱ्यानं मला फसवलं खरं, पण सेंद्रिय म्हणून गिऱ्हाइकांना विकलं मीच.

त्याचा फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला लावला, त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. ७७५ रुपयांसाठी न घेतलेलं ते बिल!

नऊ जणींना फोन करून खरं सांगितलं. सहा जणींनी पैसे परत घेतले, तिघी म्हणाल्या राहू दे. उरलेलं कापड रात्रभर भिजवून खळ काढली, आता त्याचे उशीचे अभ्रे शिवतेय. कुणी विचारलं तर मांजरपाट म्हणून सांगते, ९० रुपयांना एक.