क्लच प्लेटला हात न लावता झालेली दुरुस्ती : कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजचा अनुभव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीहून परत येताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढू लागलो आणि माझ्या दहा वर्षे जुन्या सात आसनी डिझेल गाडीच्या क्लचचे पेडल मऊ लागू लागले. दुसऱ्या वळणानंतर पहिला गिअर पडेना आणि मलकापुरात चहासाठी थांबून निघताना रिव्हर्स टाकला तेव्हा दात घासल्याचा कर्कश आवाज आला. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबले की गिअर पडत असे, आणि त्याच युक्तीवर गाडी कशीबशी कोल्हापूरपर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी ज्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली, तिथे बॉनेट न उघडताच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलण्याचा सुमारे 22,000 रुपयांचा अंदाज हातात पडला. प्लेट झिजल्याचे कशावरून ठरवले, या प्रश्नाला 'किलोमीटर झाले आहेत' एवढेच उत्तर मिळाले. ते मला पटले नाही, कारण प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. माझ्या गाडीची तक्रार नेमकी उलट होती, पेडल दाबूनही क्लच सुटतच नव्हता, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नव्हते. म्हणून गाडी तशीच शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या गॅरेजमध्ये नेली. तिथे मिस्त्री आणि त्यांचा एक मदतनीस अशी दोनच माणसे काम करतात, गाड्या आधीच रांगेत असतात, आणि त्यामुळे नाव लिहू नका अशी मिस्त्रींची विनंती होती. ती मी पाळतो आहे.

या गॅरेजची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पाना हातात घेण्यापूर्वी त्यांनी केलेली तपासणी. प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहिले. ते लोण्यासारखे पडले. इंजिन सुरू करून तेच केले तेव्हा रिव्हर्सला पुन्हा तोच आवाज आला. गिअरबॉक्स ठीक आहे आणि क्लच पूर्ण सुटत नाही, एवढे या दोन मिनिटांत स्पष्ट झाले. नंतर मदतनीसाला पेडल दाबायला सांगून मिस्त्री गाडीखाली गेले आणि स्लेव्ह सिलिंडरची (पेडलचा दाब ऑइलमार्फत घेऊन क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरची) दांडी फोर्कला, म्हणजे क्लचच्या तरफेला, किती ढकलते ते त्यांनी पट्टी लावून मोजले. ती जेमतेम 7 मिलिमीटर सरकत होती. स्लेव्हचा रबरी बूट (टोपी) मागे सारताच आतून काळपट ऑइल ओघळले. "प्लेटा चांगल्यात साहेब, त्यास्नी हात लावायचं काम न्हाई," असे ते म्हणाले, आणि माझी अर्धी काळजी मिटली.

अनेक मिस्त्री इथे थांबले असते, स्लेव्ह बदलून गाडी परत दिली असती. यांनी मात्र स्लेव्हकडे जाणारा रबरी होज (नळी) गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने दाबून बंद केला आणि पुन्हा पेडल दाबायला सांगितले. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला आणि ऑइल स्लेव्हकडे ढकलणारा सिलिंडर, निर्दोष असेल तर अशा वेळी पेडल दगडासारखे घट्ट राहायला हवे. माझे पेडल सुरुवातीला घट्ट लागले, पण पाय तसाच ठेवल्यावर हळूहळू खाली बसत गेले. मास्टरच्या आतील वॉशर झिजून ऑइल पिस्टनच्या पुढून मागे निसटत होते. अशी आतली गळती फार फसवी असते, कारण ऑइल सिलिंडरच्या बाहेर न पडता क्लचच्या ऑइलच्या टाकीतच परतते, पेडलच्या दांडीवर ओल दिसत नाही आणि टाकीतील पातळीही त्यामुळे घटत नाही. ही चाचणी झाली नसती तर नव्या स्लेव्हचे पैसे भरूनही पुढच्या घाटात मी पुन्हा तसाच अडकलो असतो, आणि म्हणूनच या एका चाचणीसाठी मी या गॅरेजचे नाव मित्रांना सांगतो.

मास्टरमध्ये नुसते किट (आतल्या वॉशरचा नवा संच) घालून भागेल का, असे मी विचारले. मिस्त्रींनी नंतर तो उघडून आतल्या भिंतीवर बोट फिरवायला लावले. गंजाचे खड्डे नखाला लागत होते, आणि अशा पृष्ठभागावर नवे वॉशरही फार दिवस टिकत नाहीत. गंजाचे कारण टाकीतल्या काळ्या ऑइलमध्येच होते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि मी ते दहा वर्षांत एकदाही बदलले नव्हते. कोकणात वरचेवर जाणाऱ्यांनी क्लचचे ऑइलही ब्रेकच्या ऑइलबरोबर दर दोन वर्षांनी बदलावे, असे मला आता मनापासून वाटते. डॉट 4 प्रतीचे कोरे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळते, त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरते. 'ऑइल' या शब्दामुळे काही जण टाकीत इंजिन ऑइल ओततात. त्याने रबरी वॉशर फुगतात आणि सगळी यंत्रणाच बदलावी लागते, हेही मिस्त्रींनी आवर्जून सांगितले.

मास्टर, स्लेव्ह आणि होज बसवल्यानंतर हवा काढण्याचे काम सुरू झाले. मदतनीस पेडल दाबून धरी, मिस्त्री स्लेव्हवरील निपल (हवा काढण्याचा स्क्रू) सैल करीत, आणि पाय उचलण्यापूर्वी निपल पुन्हा आवळला जाई. पारदर्शक नळीचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेले होते. अर्ध्या तासानंतरही पेडल थोडे मऊच होते, कारण पाइपच्या उंच वळणात बुडबुडा अडकला होता. तेव्हा त्यांनी मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून ऑइल वर ढकलले. हवा मुळातच वर जाऊ पाहते, त्यामुळे काही वेळातच टाकीत बुडबुडे आले आणि पेडल ताठ झाले. शेवटी पेडलची दांडी आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक ठेवली. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीकडे परतण्याचे छिद्र उघडत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. स्लेव्हची दांडी पुन्हा मोजली तेव्हा ती 15 मिलिमीटर सरकली.

एकूण खर्च 6,100 रुपये आला : मास्टर 2,600, स्लेव्ह 1,450, होज 500, ऑइल 350 आणि मजुरी 1,200. ऑइलची सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली आणि जुने सुटे भाग न मागता परत दिले.

उणिवाही आहेत. अंदाज तोंडी मिळतो, आणि सुट्या भागांच्या हमीबद्दल मी विचारल्यावरच बिलाच्या मागे 'सहा महिने' असे लिहून मिळाले. स्लेव्ह दुकानात नसल्याने गाडी दोन रात्री तिथेच राहिली. शेडचे छत आखूड आहे. पावसाची झड आत येऊ लागली तेव्हा टाकीचे झाकण लावून तासभर काम थांबवावे लागले. थांबवले हे योग्यच झाले, पण ज्या कामात पाण्याचा थेंबही नको त्यासाठी तिथे निदान एक ताडपत्री हवी. ज्यांच्या गाडीत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचवरील आवरणाच्या) आत रिलीज बेअरिंगभोवती असतो, त्यांना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्यांनी तो खर्च धरूनच इथे जावे.

दुरुस्तीनंतर गाडी 2,400 किलोमीटर चालली असून आंबा घाट दोनदा झाला आहे. टाकीवर पेनाने पातळीची खूण केली होती. ऑइल आजही त्याच रेघेवर आहे आणि स्लेव्हचा बूट कोरडा आहे. दिवाळीपूर्वी ब्रेकचे ऑइल बदलायचे आहे, त्यासाठी मी याच मिस्त्रींकडे वेळ घेतली आहे.