क्वीन मेरी बघावी की क्यूई-टू?

मावसभावाला जुन्या जहाजावर एक रात्र काढायची आहे. अमेरिकेतल्या लाँग बीचची ‘क्वीन मेरी’ की दुबईची ‘क्वीन एलिझाबेथ २’ (म्हणजेच क्यूई-टू), यात तो अडकलाय. दोन्ही आता तरंगती हॉटेलं.

युद्धाचा इतिहास हवा, तर मेरीपुढे दुसरी फिकी. १९३६ची ही बोट १९४०पासून राखाडी रंगात सैनिक वाहू लागली. जुलै १९४३मध्ये एका फेरीत १६,६८३ माणसं! वेग इतका की पाणबुड्यांना गाठता येईना. पण ऑक्टोबर १९४२मध्ये तिने सोबतीच्याच ब्रिटिश युद्धनौकेला चिरलं. ३००हून अधिक खलाशी गेले, आणि पाणबुड्यांच्या धोक्यामुळे तिला थांबायची मुभा नव्हती. हे वाचून तिच्या डेकवर उभं राहणं वेगळंच.

क्यूई-टूचं युद्ध एकच, १९८२चं ब्रिटन-अर्जेंटिनामधलं फॉकलंड. हेलिकॉप्टरसाठी डेक बसवले, सुमारे ३,००० सैनिक दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंत नेले, बस्स.

शांततेत मात्र क्यूई-टू दीर्घायुषी: १९६९ ते २००८. मेरी १९६७मध्येच निवृत्त झाली.

खर्च? मुंबईहून दुबई तीन तासांवर. अमेरिकेचा व्हिसाच घाम काढतो. शनिवार-रविवारची हौस असेल तर क्यूई-टू. महायुद्धाचं वेड असेल, तर पैसे साठव आणि मेरीच गाठ.