एक्स१, क्यू३ की जीएलए? मुंबईकराला ऑल-व्हील ड्राइव्ह हवी का

माझा मावसभाऊ मुलुंडला राहतो. महिनाभर तो बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३ आणि मर्सिडीज जीएलए या तिघींभोवती घुटमळतोय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, आपला पावसाळा बघता चारही चाकं ओढणारीच घेतो. पैसे जास्त गेले तरी चालतील." गेली आठ वर्षं माझ्याकडे ऑल-व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

२०२३ च्या जानेवारीत आलेली एक्स१ आपल्याकडे फक्त पुढच्या चाकांवर चालणारी आली. पेट्रोल दीड लिटरचं, तीन सिलिंडर, १३६ हॉर्सपॉवर. डिझेल दोन लिटरचं, १५० हॉर्सपॉवर. २०२२ च्या क्यू३ मध्ये दोन लिटर पेट्रोल, १९० हॉर्सपॉवर आणि क्वाट्रो, म्हणजे ऑडीची ऑल-व्हील ड्राइव्ह. जीएलए दोन्ही प्रकारांत मिळते: २०० पेट्रोल म्हणजे पुढची चाकं, २२०डी डिझेल म्हणजे १९० हॉर्सपॉवर आणि ४मॅटिक, म्हणजे मर्सिडीजची ऑल-व्हील ड्राइव्ह.

मुंबईच्या पावसासाठी म्हणून ऑल-व्हील घेणार असाल तर जरा थांबा. हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी तुंबलं की चार चाकं फिरतायत की दोन, याने काही फरक पडत नाही. पाणी इंजिनात शिरतं ते हवेच्या वाटेने, आणि ती वाट तिन्ही गाड्यांत आहे. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना लागतो. ओल्या हायवेवर गाडी किती अंतरात थांबते ते टायर ठरवतात. उलट ऑल-व्हीलला मागे एक जादा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, असतं. त्याचा हवा सोडणारा व्हेंट पाण्याखाली गेला तर आतल्या तेलात पाणी मिसळून ते दुधाळ होतं, म्हणून खोल पाण्यातून गाडी काढली तर ते तेल तपासून घ्यावंच लागतं. गाडी कुठलीही घ्या, विम्यात इंजिन प्रोटेक्शन जोडून घ्या. साध्या पॉलिसीत पाण्याने बंद पडलेल्या इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही.

मग ऑल-व्हीलचा उपयोग कुठे? आमचं घर चिपळूणजवळ आहे. रस्त्यापासून अंगणापर्यंत जांभ्या दगडाची उभी चढण, जुलैत तिच्यावर हिरवं शेवाळ. गाडीत पाच माणसं नि डिकीत सामान असलं की वजन मागे झुकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. ताईची पुढच्या चाकांची गाडी तिथे अर्ध्यावर जागच्या जागी चाकं फिरवत राहिली, आम्हाला उतरून ढकलावी लागली. माझी गाडी त्याच सकाळी क्षणभर अडखळली, मागच्या चाकांनी ओढ घेतली आणि ती वर आली. वर्षातून आठ-दहा वेळा अशा वाटेने जाणार असाल तर पैसे वसूल आहेत.

ही सोय सांभाळायला मात्र शिस्त लागते, आणि ती शोरूममध्ये कुणी समजावून सांगत नाही. मला ती टायरने शिकवली. हायवेवरच्या खड्ड्यात माझा एक टायर कापला गेला. बाकीचे तीन चांगले दिसत होते, म्हणून एकच नवा बसवला. पंधरा दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खालून कटकट आवाज येऊ लागला, गाडी कुणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी अडायची. गॅरेजवाल्याने खोली मापायची पट्टी टायरच्या खाचेत घातली: नवा आठ मिलिमीटर, बाकीचे चार. म्हणजे नवं चाक बाकीच्यांपेक्षा सुमारे एक टक्का मोठं. तेवढ्या फरकाने मागच्या-पुढच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि मागच्या चाकांना ताकद जोडणारा मधला क्लच सतत घासत राहतो. शेवटी उरलेले तीनही टायर बदलले, तेव्हा आवाज थांबला.

क्यू३ मध्ये मागच्या चाकांकडे ताकद नेणारा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. त्याचं तेल लिटरभराहून कमी, पण साधारण तीन वर्षांनी बदलायचं आणि पंपाची जाळीही साफ करायची. जाळी तुंबली तरी डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. मागची चाकं निमूटपणे काम सोडतात आणि ते तुम्हाला शेवाळावर कळतं. सध्याच्या जीएलए ४मॅटिकमध्ये हा क्लच विजेच्या मोटरने दाबला जातो. नेहमीच्या मोडमध्ये पुढे-मागे ८०:२०, स्पोर्टमध्ये ७०:३०, ऑफ-रोडमध्ये ५०:५० अशी वाटणी. मला ही रचना जास्त आवडते. एक्स१ मध्ये यातलं काही नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही.

२२०डी ला अडचण वेगळीच. डिझेलच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला साठलेली काजळी जाळायला सलग, एका लयीत धावणं लागतं. दादर ते बीकेसी रांगत जाणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. आठवड्यातून एकदा एक्सप्रेसवे किंवा अटल सेतूवरून लांब फेरी होत असेल तरच डिझेल घ्या. वीस लाखांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पेट्रोलवर १३ टक्के रोड टॅक्स असेल तर डिझेलवर १५, हेही धरा.

सोयींबद्दल दोनच गोष्टी. मोठं काचेचं छप्पर घेतलंत तर पावसाळ्याआधी त्याच्या कोपऱ्यातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या साफ करून घ्या. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असते; पाकळ्यांनी नळी तुंबली आणि एका सकाळी पायाखालचा गालिचा दाबला तर पाणी वर आलं, कुबट वास पुढे दोन महिने गेला नाही. दुसरं, एसीची बटणं. क्यू३ आणि जीएलएमध्ये ती हाताला लागतात, एक्स१ मध्ये तापमानासाठी पडद्याला हात लावावा लागतो. काचा धुकटल्या असताना, समोर रिक्षा आडवी येत असताना, हा फरक मोठा वाटतो.

भावाचं गावाला घर नाही, रोजचा प्रवास मुलुंड ते बीकेसी. त्याला मी एक्स१ पेट्रोल किंवा जीएलए २०० सुचवली. आमच्यासारखं कोकणात घर असतं तर क्यू३ म्हटलं असतं. तरीही मन क्वाट्रोवरच असेल तर बुकिंगआधी टायरवाल्याकडे जा आणि त्या मापाच्या चारही टायरचा एकत्र भाव विचारून ये, एवढं त्याला बजावलंय.